नकाशात नसलेली माती

मित्रांनो, मी कालवा. जुना आहे हे वेगळे सांगायला नको. ज्या पुलावर उभे राहून तुम्ही माझ्यात खडे टाकता, तो पूल माझ्यानंतर तीस वर्षांनी झाला. खडे टाकू नका असे मी म्हणत नाही. कशालाही नको म्हणण्याचा उत्साह आता माझ्यात राहिलेला नाही. पण आज थोडे बोलावेसे वाटते आहे. मोठी माणसे थांबत नाहीत, म्हणून तुम्हालाच सांगतो.

नद्या आपल्या उगमाबद्दल फार कौतुकाने बोलतात. माझे तसे काही नाही. मला माणसांनी कुदळ-फावड्याने खणले. टेकडीखालच्या तलावापासून गिरणीच्या धक्क्यापर्यंत, दोन होड्या शेजारून जातील इतका रुंद आणि सहा फूट खोल. ज्याने माझा नकाशा काढला तो माणूस मोठा टापटिपीचा होता. खणणे संपल्यावर त्याने सगळी मापे पुन्हा घेतली, नकाशावर सुंदर अक्षरात लिहिली, कागद गुंडाळून कचेरीत दिला आणि दुसऱ्या कामावर निघून गेला. त्याच्या पाठोपाठ माझ्यात पाणी सोडले. भाषणे झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी लोक बघतात तर माझा तळ कोरडा. सगळे पाणी जमिनीने पिऊन टाकले होते.

मग एका कुटुंबाला बोलावणे गेले. त्यांना सगळे 'तुडवे' म्हणत, कारण माती तुडवणे हाच त्यांचा धंदा. त्यांनी टेकडीच्या पायथ्याच्या खाणीतून निळसर चिकणमाती आणली, माझ्या तळाशी आणि कडांना वीतभर जाड पसरली, पाणी शिंपडले आणि अनवाणी पायांनी तुडवायला सुरुवात केली. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने चालायचे, टाच आधी टेकवायची, मग चवडा. बायका, पुरुष, सासवा, सुना, सगळे. एक थर झाला की वर दुसरा. थर पक्का झाला की नाही हे ओळखायची त्यांची रीत साधी होती. घरातल्या सर्वांत जड माणसाने त्यावर टाच रोवून उभे राहायचे. खळगा पडला तर पुन्हा तुडवा. त्या काळी हा मान एका काकूंकडे होता आणि त्या तो मिरवत असत.

अशी दीड फूट माती माझ्या पोटात बसली. मी सहा फुटांचा साडेचार फूट झालो. पुन्हा पाणी सोडले, ते टिकले. पण नकाशावर कोणी काही लिहिले नाही. नकाशा काढणारा गेला होता, तुडव्यांना लिहिता येत नव्हते, आणि कचेरीतल्यांना वाटले, यात लिहिण्यासारखे काय आहे, सगळ्यांना माहीतच आहे. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट किती लवकर कोणालाच माहीत नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्यानंतरची माझी वर्षे चांगली गेली. खरे सांगायचे तर मी दमून जात असे, पण ते दमणे सुखाचे होते. विटा, कोळसा, पिठाची पोती, काचेच्या बरण्या, एकदा तर दातांच्या डॉक्टरांची अख्खी खुर्ची माझ्यावरून गेली. काठावरच्या पायवाटेने घोडे होड्या ओढत. गिरणीकडे जमीन उतरती, म्हणून वाटेत दोन ठिकाणी दगडी हौद बांधले होते. हौदाला दोन्ही टोकांना लाकडी दारे. होडी आत घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी हळूहळू खाली सोडायचे, होडी अलगद खाली उतरायची, मग पुढचे दार उघडायचे. या हौदांना सगळे 'पायरी' म्हणत. वरच्या पायरीवरच्या माणसाचे नाव कोणाला आठवत नव्हते. तो प्रत्येक होडीवाल्याला 'घाई नको' म्हणायचा, म्हणून त्याचे नावच घाईनको पडले होते. त्याच्या बायकोलाही लोक बाजारात घाईनको वहिनी म्हणून हाक मारत.

दर वर्षी माझा गाळ काढत, आणि तोही लाकडी फावड्यांनी. लोखंड माझ्यात उतरवायचे नाही, असा तुडव्यांचा दंडक होता. फावड्याला निळी माती लागली की जो असेल तो हात वर करायचा आणि सगळी रांग थांबायची. काम संपले की तीन दिवसांच्या आत पुन्हा पाणी सोडायचे, कारण ती माती वाळली की तडकते. या गोष्टी कोणी फळ्यावर लिहून शिकवल्या नव्हत्या. आई मुलीला जशी कणीक किती सैल हवी ते हात लावून दाखवते, तशा त्या शिकवल्या जात.

माझे कौतुकही भरपूर झाले. बिस्किटांच्या डब्यावर माझे चित्र होते. शाळेत माझ्यावर निबंध लिहायला सांगत, आणि सगळी मुले तेच ते लिहीत. मला तेही आवडायचे.

मग आगगाडी आली. होडीवाले आधी तिला हसले, मग गप्प झाले, मग त्यांची मुले तिच्यावर कामाला लागली. उरलेसुरले ट्रकांनी नेले. माझ्यावरून शेवटची होडी गेली ती होडीवाल्याच्या स्वतःच्या घरचे सामान घेऊन. कपाट, गाद्या, शिलाई मशीन. तो घर बदलत होता आणि जाताना माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याला दोष देत नाही. पण बघायला हरकत नव्हती.

त्यानंतर लोकांनी माझ्याकडे पाठ फिरवली, आणि हे अगदी अक्षरशः खरे आहे. ज्या घरांची पुढची दारे माझ्याकडे होती त्यांनी ती बुजवून मागच्या रस्त्याला नवी काढली. माझ्याकडे उरली न्हाणीघरे आणि सांडपाण्याच्या नळ्या. कोणी फाटकी गादी टाकली, कोणी मोडकी सायकल, एकाने लोखंडी पलंगच टाकला. माझ्या अंगावर हिरवी जाड साय धरली. लोक नाकाला रुमाल लावून पुलावरून जात आणि 'हा कालवा म्हणजे गावाला लागलेली पीडा आहे' असे म्हणत. मी ते ऐकत पडून राहायचो. चाळीस वर्षे ऐकले की माणसाला काय, कालव्यालाही ते खरे वाटू लागते.

तरीही माझ्यात पाणी टिकून होते. घाण का असेना, पण होते.

अखेर कचेरीत माझा विषय निघाला. मोठ्या साहेबांचे म्हणणे, भरून टाका, वरून रस्ता काढा. शाळेच्या मुख्याध्यापिका, छापखान्याचे मालक आणि आणखी काही लोकांचे म्हणणे, स्वच्छ करा. बरीच वादावादी झाली. मोठे साहेब शेवटी म्हणाले, "ठीक आहे, करा साफ. तीन महिने देतो. पाणी सोडल्यावर वरच्या पायरीच्या दगडावरच्या जुन्या पाण्याच्या रेघेपर्यंत टिकलं, तर राहू दे कालवा. नाही टिकलं तर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

माझा जीव टांगणीला लागला. आणि मित्रांनो, लाज वाटते सांगायला, मी खूशही झालो. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझे भले करायला निघाले होते.

कामावर एक तरुण इंजिनियर आला. कष्टाळू, सरळ मनाचा. त्याने कचेरीतली कपाटे उपसून माझा जुना नकाशा शोधून काढला आणि तो हाती लागल्यावर त्याला झालेला आनंद मी पाहिला आहे. नकाशात लिहिले होते, खोली सहा फूट. खोदकामाचे मोठे यंत्र आले. लोखंडी दातांची बकेट असलेले. ते चालवणारा मुलगा याच गावचा होता, आणि तुडव्यांच्या घरातला होता, पण हे त्यालाही अर्धवटच माहीत होते. त्याची आत्या पुलाजवळ इस्त्रीचे दुकान चालवते. अख्खी गल्ली तिला आत्याच म्हणते. वयाने सत्तरीच्या पुढची, अंगाने भारी, गुडघ्यांनी अधू. माझ्या तळाला शेवटचे ठिगळ लावले तेव्हा वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून ती तुडवत होती. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

यंत्राचा आवाज ऐकून ती इस्त्री बाजूला ठेवून काठावर आली.

"साहेब, खाली किती जाणार?" तिने इंजिनियरला विचारले.

"सहा फूट, आत्या. हा बघा, मूळ नकाशा आहे. कालवा होता तस्साच करणार."

"सहा फूट खणला होता खरा. मग त्यात दीड फूट माती भरली. तिच्यामुळे पाणी राहतंय."

"पण नकाशात कुठं आहे ती?"

"नकाशावाला गेल्यावर भरली ना. त्याच्यात कशी असेल? निळी माती लागली की थांबा, एवढंच सांगते."

इंजिनियरने ते वहीत टिपून घेतले. खरेच टिपून घेतले. कचेरीत विचारलेही. कचेरीने सांगितले, नकाशाबाहेर जाता येणार नाही, एका इस्त्रीवाल्या बाईच्या सांगण्यावरून तर नाहीच. त्याचाही नाइलाज झाला, आणि मनातून त्याला वाटले असेल, एवढा देखणा नकाशा चुकेल कसा.

चौथ्या दिवशी बकेटीतून निळी माती वर आली. भाच्याने यंत्र थांबवले. त्याने ती ओळखली होती. लहानपणी घरात ऐकलेले काहीतरी त्याला आठवत होते. दुकान शंभर पावलांवर होते. एकदा उतरून विचारले असते तर चालले असते. पण तो मनाशी म्हणाला असावा, घरात आत्याचे ऐकायचे, कामावर साहेबांचे. त्याने दांडा पुढे ढकलला.

लोक माझ्याबद्दल वाईट बोलले, त्यांनी माझ्यात घाण टाकली, त्यातले काहीच मला इतके दुखले नाही. शेकडो माणसांनी टाचा झिजवून बसवलेली माती तासाभरात ढेकळांनी वर जात होती, आणि काठावरचे लोक टाळ्या वाजवत होते. केवढा गाळ निघाला म्हणत होते.

महिन्याभरात मी स्वच्छ झालो. इतका स्वच्छ मी जन्मल्यानंतर पहिल्या तीन दिवसांतच असेन. पाणी सोडले. मुख्याध्यापिका बोलल्या, फोटो निघाले, मोठे साहेबही हसले. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या हातभर खाली. तिसऱ्या दिवशी पुलाखालच्या उतारावरच्या गल्लीत आरडाओरडा झाला. चांभाराच्या दुकानाच्या फरशीतून पाणी येत होते. छापखान्याच्या तळघरात कागदाचे गठ्ठे भिजून फुगले होते. मला साफ करा म्हणून भांडणारे तेच ते मालक, पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभे होते. चौथ्या दिवशी माझा तळ उघडा पडला.

मोठे साहेब म्हणाले, "झालं ना समाधान? एक तारखेपासून भरायला घ्या."

गल्लीत सगळे भाच्याकडे बोट दाखवू लागले. यानंच भोक पाडलं. तो आत्याकडे जेवायला जायचा, ते बंद झाले. आत्याने दोनदा डबा पाठवला, तो तसाच परत आला.

एक तारखेला एकवीस दिवस उरले होते. दुपारी इंजिनियर आत्याच्या दुकानात शिरला. तो नकाशा त्याच्या काखेत होता. दुकानाची खिडकी माझ्याकडे आहे, ती तिने कधी बुजवली नव्हती, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"आत्या, माझं चुकलं," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं."

आत्याने शर्टाची बाही उलटली आणि इस्त्री फिरवली. "मग आता?"

"आता काय करता येईल ते विचारायला आलोय."

"पाय आणा."

"काय?"

"पाय. माणसांचे. मिळतील तेवढे. आणि बूट घालून कोणी येऊ नका म्हणावं." तिने शर्टाची घडी घातली. "खाणीवर तर आता घरं झालीत, तिथनं माती मिळायची नाही. उपसलेली कुठं टाकली?"

ती छापखान्यामागच्या मोकळ्या जागेत ढीग करून टाकली होती. दोघे जाऊन पाहून आले. निम्मी वाळून दगड झाली होती, तिच्यात गावाचा कचराही मिसळला होता. ढिगाच्या पोटातली तेवढी अजून ओली होती. आत्याने मूठभर उचलून दाबली, वास घेतला आणि म्हणाली, "तलावापासून पुलापर्यंत पुरेल. त्याच्यापुढं नाही."

माझा निम्मा भाग वाचू शकत होता. उरलेल्या निम्म्याबद्दल बोलणेच संपले होते. हे ऐकून मला वाईट वाटले की बरे वाटले, ते आजही सांगता येत नाही.

लोक आले. आधी थोडे, संकोचत. छापखान्याचे मालक आणि त्यांचे कामगार, मुख्याध्यापिका, चांभार आणि त्याच्या दोन्ही बहिणी, कचेरीतली टायपिस्ट, दवाखान्यातल्या नर्स सुट्टीच्या वेळेत. पहिल्या दिवशी नुसती घसराघसरी आणि हसाहशी. मुख्याध्यापिका चारीमुंड्या चीत झाल्या आणि त्यांचे माजी विद्यार्थी हसू लपवायला पाठ करून उभे राहिले. आत्या काठावर खुर्ची टाकून बसली होती आणि ओरडत होती, "टाच आधी. टाच. नाचायला आलात का?" तिसऱ्या दिवसापासून कोणी हसेना. पोटऱ्या भरून आल्या होत्या. रांग मात्र सरळ पडू लागली होती.

भाचा आला नव्हता. यंत्र काठावर उभे होते आणि तो त्यात बसून होता.

पाच दिवसांनी पहिला तुकडा पुरा झाला, तेव्हा प्रश्न पडला की थर पक्का झाला की नाही हे सांगणार कोण. आत्यालाच उतरायला हवे होते, आणि तिचे गुडघे तर पुलाच्या चार पायऱ्याही चढू देत नव्हते. खुर्चीसकट उचलू या म्हणाले, तर चौघांना ती हलेना. तेवढ्यात यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. भाच्याने बकेट काठाला टेकवली, तिच्यात स्वतःची चादर घडी घालून टाकली आणि खाली मान घालून म्हणाला, "बस आत्या. उतरवतो."

"पाडशील."

"नाही पाडणार."

ती बसली. त्याने तिला इतके हळू उतरवले की घाईनकोलाही पटले असते. तिने चपला बकेटीतच ठेवल्या, माझ्या तळावर पाय टेकवला, टाच रोवली आणि सगळे वजन टाकून उभी राहिली. पन्नासहून जास्त वर्षांनी माझ्या अंगाला तो पाय लागला होता. ती बाजूला झाली. सगळे वाकून पाहू लागले.

"खळगा आहे," आत्या म्हणाली. "पुन्हा तुडवा."

कोणी कुरकुर केली नाही. भाचा यंत्रातून उतरला, पायातले बूट काढले आणि रांगेत शेवटी जाऊन छापखान्याच्या मालकांच्या खांद्यावर हात ठेवला.

एक तारखेला मोठे साहेब आले. पाणी सोडून सहा दिवस झाले होते. पुलाखाली तुडवलेल्या मातीचा बांध घातला होता, आणि बांधाच्या अलीकडे पाणी रेघेच्या दोन बोटे खाली येऊन थांबले होते. साहेबांनी वाकून पाहिले. आपली पट्टी काढून मोजले. मग म्हणाले, "दोन बोटांचं सोडून देऊ. एवढा राहू दे. पुलाच्या पुढचा भरा."

इंजिनियरने नकाशावर साडेचार फूट असे लिहिले. खाली लिहिले, 'तळाला निळी माती आहे. लोखंड लावू नये. तीन दिवसांहून जास्त कोरडा ठेवू नये.' माहिती कोणाकडून, या रकान्यात त्याने लिहिले, 'आत्या, इस्त्रीचे दुकान.' कचेरीने त्यावर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलापलीकडे दगडमातीचे ट्रक आले. भरायचे काम भाच्यालाच होते. ज्याने खणले त्यानेच बुजवायचे. आत्या पुलाच्या पायथ्याशी कठड्याला धरून उभी होती. त्याने पहिली बकेट भरली, वर उचलली आणि माझ्या उघड्या, तडकलेल्या तळावर आणून तशीच अधांतरी धरली. मग यंत्र बंद करून खाली उतरला आणि पुलाशी आला.

"आत्या, टाकू?"

ती म्हणाली, "टाक. पण बेतानं टाक."

त्याने बेताने टाकली. संपूर्ण दिवस, प्रत्येक बकेट तळाशी नेऊन मगच उलटली. मित्रांनो, मेलेल्या भागाला काही कळत नाही, पण मला ते कळले आणि मला रडू आले. तिथे आता रस्ता आहे. तुम्ही त्यावरून सायकली चालवता. जपून चालवा.

आता मी पुलापर्यंतच आहे. थकलो आहे, आणि निम्मा असण्याची सवय अजून झालेली नाही. माझ्यात घाण टाकू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच, म्हणून मी सांगत नाही. मी दुसरेच सांगतो. पुढे मोठे झालात आणि एखाद्या जुन्या गोष्टीचे भले करावेसे वाटले, तर आधी तिच्यात कोण राबले ते शोधा आणि त्याला जाऊन विचारा. मला काय लागते, माझे कुठे दुखते, अजून किती गोष्टी कुठल्याच कागदावर नाहीत, हे सगळे एकाच माणसाला ठाऊक आहे. ती पुलाजवळच्या दुकानात संध्याकाळी सहापर्यंत असते. तिला विचारायला जा, आणि लवकर जा. हल्ली तिला ऐकू कमी येते, म्हणून थोडे मोठ्याने विचारा.